समोरच्या खिडकीतला बर्फ

नेदरलँड्समधल्या आर्नहेम गावातल्या आमच्या गल्लीत खिडक्यांचे पडदे कुणी ओढत नाही. समोरचे डच आजोबा मात्र दिवसभर पडदा लावून बसायचे. मला वाटलं, खडूस असतील. मग एकदा त्यांनी घरात बोलावून लाकडी ठशांनी छापलेलं जुनं जपानी चित्र दाखवलं. बर्फातला पूल आणि खाली निळी नदी. उन्हाने तो निळा रंग उडतो म्हणून पडदा. पुढे दरवेळी तेच सांगायचे, "बर्फ रंगवलेलाच नाही, नुसता कोरा कागद सोडलाय. काय हिंमत त्या चित्रकाराची!"

लॉकडाउनमध्ये मला कोविड झाला. खोलीत एकटी पडून होते. एका सकाळी बघते तर समोरचा पडदा उघडा, आणि चित्र काचेला टेकवून माझ्याकडे तोंड करून ठेवलेलं.

मी घाबरून फोन केला. "अहो, रंग उडेल ना!"

"उडू दे थोडा. बरी झालीस की किती उडाला ते बघायला ये."