मालतीताई पिशवीवर बसल्या तेव्हा

मालतीताईंच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "मम्मी नहीं रहीं," एवढंच ती बोलली. तव्यावरची भाकरी करपली, मला वासही आला नाही. त्याला आता महिना होत आला...

मी यवतमाळकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी रायपूरजवळ बीरगांवला आले. छातीत गाठ निघाली तेव्हा रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात सगळे हिंदीत भराभर बोलत, मी नुसती "हव, हव" म्हणत मान हलवायची. शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "हव, हव काय करून राहिली? समजलं का काही?" त्या मालतीताई. पुरानी बस्तीतल्या, भोसल्यांच्या काळापासून इथंच घर. त्यांनाही हाच आजार, आणि तो उलटून आलेला.

माझं ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं. गाठीची एक जांच, म्हणजे तपासणी, मात्र राहिली होती. मला कोणतं इंजेक्शन लागू पडेल, हे तिच्यावरूनच कळणार होतं. पण महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. मुखवटे सासरहून आणलेले, घरात मांडायला दुसरी बाई नाही. दवाखान्यातून सुट्टी घेऊन घरी जायला मी पिशवी भरली. नर्सही म्हणाली, "छुट्टी ले लो दीदी, जांच बाद में हो जाएगी."

तेवढ्यात मालतीताई सलाईनचा हात सांभाळत उठल्या आणि माझ्या पिशवीवर येऊन बसल्या. पाटावर बसावं तशा, ऐसपैस.

"ताई, उठा ना. महालक्ष्म्या आहेत."

"मागं मीबी त्यांच्यासाठीच सुट्टी घेतली होती, बाई. भरती असलं तं जांच कार्डात होते. सुट्टी झाली का म्हणतात, बाहेरून करा. मग दसऱ्यानंतर करू, दिवाळीनंतर करू... राहूनच गेली माझी."

"देवी कोपली तं?"

"काहून कोपंल? माहेरवाशिणी आहेत त्या. बाईचं दुखणं त्यांना नाही समजणार तं कोणाले समजंल? नवऱ्याले सांग साड्या नेसवाले!" मग नर्सकडे वळून, "सिस्टर, पहले इसकी जांच भेजो. तब तक मैं नहीं उठती."

"आंटी, बैग फट जाएगा."

फाटलीच. ताईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून तुटलेल्या चेनला लावली. गाठीचा तुकडा जांचेला गेला, खर्च कार्डात बसला. इंजेक्शन मला लागू पडलं. नवऱ्यानं महालक्ष्म्यांना साड्या उलट्या नेसवल्या होत्या. ते ऐकून ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्यांची जांच पुढे मुलानं बाहेरून करवली. तोवर आजार अंगभर पसरला होता. "वेळेवर झाली असती तर?" मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मग मी कोण सांगणारी... पण मनातून ते जात नाही.

त्याला वर्ष होत आलं, इंजेक्शनं अजून चालू आहेत. परवा गेले, तीच पिशवी घेऊन. पिन अजून तशीच आहे. त्यांच्या खाटेवर एक नवी बाई, घाईघाईनं गाठोडं बांधत होती. घरी म्हणे तीजा आहे, आपली हरतालिका. परक्या बाईशी बोलायची सवय नाही मला. तरी विचारलं, "दीदी, जांच गई क्या?"

तिनं मान हलवली, नाही.

मी माझी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या गाठोड्यावर जाऊन बसले.