गंगूची पाठवणी आणि साहेबाचा सिनेमा

गंगू,

मी साहेबाबरोबर अमेरिकेला निघालो तेव्हा तू सासरी रोहिणखेडला होतीस. नांदुऱ्याच्या स्टेशनावर बाबांनी आणि मी साहेबाच्या पत्र्याच्या पेट्या गाडीत चढवल्या. त्यांतल्या एका पेटीत तुझं लग्न होतं. बाबा म्हणाले, "लिहत जाय. अन् मन लावून काम कर. साहेब चांगला मानूस हाय."

ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं.

साहेब अमेरिकेत सिनेमे काढायचा. मक्याच्या शेतात वाढलेला, नाटकाचे पडदे रंगवत डायरेक्टर झालेला. वाघाचा सिनेमा काढायला तो संग्रामपुरात उतरला आणि खामगावला इंग्रजी शिकलेला मी त्याचा दुभाष्या झालो. वाघ काही दिसला नाही. मग त्याला सिनेमासाठी तुझं लग्न हवंसं झालं. बाबा तयार नव्हते. "पोरीचं लगन हाय, तमाशा नाही," म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्या मागे लागलो. शेवटी म्हणाले, "तू म्हन्तं तं येऊ दे त्याले."

लॉस एंजेलिसला मी स्टुडिओत खोट्या झाडांना हिरवा रंग देत होतो. सिनेमा लागला तेव्हा नवा कोट घालून पाहायला गेलो. पडद्यावर होमाचा जाळ दिसला. मग तू आलीस, आईच्या गळ्यात पडून रडणारी. बायका तुला सोडवून बैल जुंपलेल्या दमणीकडे नेत होत्या. तेवढ्यात पडद्यावर इंग्रजी मजकुराची पाटी आली: या कोवळ्या विधवेला नवऱ्याच्या चितेवर चढवायला नेत आहेत. शेजारच्या बाईनं डोळे झाकले. तुझा धडधाकट नवरा त्या वेळी शेतात असेल, आणि इथे हजार माणसं त्याच्या मरणावर हळहळत होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाला म्हणालो, "ती माझी बहीण आहे. ते तिचं लग्न होतं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण सुखाचं लग्न पाहायला इथे कोण तिकीट काढतं?"

तेवढा तुकडा कापा म्हणालो, तर हसून त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. एखाद्या जनावराला थोपटावं तसं. मी ब्रश तिथंच टाकला आणि निघालो. पुढे संत्र्यांच्या बागांत राबलो, मग एका खानावळीत आचारी झालो.

साहेब त्या सिनेमावर मोठा झाला. टेकडीवर बंगला बांधला, तसलेच आणखी सिनेमे काढले. मग बोलपट आले आणि त्याला कुणी विचारेना. गेल्या महिन्यात तो वारला. हिंदुस्थान ओळखणारा दिग्दर्शक गेला, असं वर्तमानपत्रानं लिहिलं. मी संपादकाला कळवलं, ती मुलगी जिवंत आहे, तिला चार मुलं आहेत. त्यांनी ते छापलं नाही.

त्याला शिव्या देऊन झाल्या तरी राग संपत नाही, कारण बाबांकडून होकार मी वदवून घेतला होता. त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आता ते नाहीत, आईही नाही.

इथे माझं नाव लोकांना नीट घेताही येत नाही. माझ्यावर रागावायचा हक्क असलेलं माणूस जिथे आहे, तेच आता माझं घर. तसं तूच एक उरली आहेस. "भाऊ, काऊन केलं असं?" एवढं तरी विचार. तुला लिहिता येत नाही, कुणाकडून लिहून घे. पण शब्द तुझेच असू देत.