एरंडेल लावलेला अँप्लिफायर

लातूर जिल्हा झाला आणि माझी नांदेडहून तिकडं बदली झाली. जिल्हा नवा, ऑफिस नवं, संसारही नवा. जुना जिन्नस एकच सोबत होता, माझी हवाईयन गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. आम्हा कारकुनांचा एक हौशी ऑर्केस्ट्रा होता आणि त्यात मी होतो, असं आपलं म्हणायचं. ढोलक आणि पेटीपुढं माझ्या तारांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नसे. बायको उदगीरची, डाळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. ती मांडवात पार मागं, बायकांत बसायची आणि घरी आल्यावर दर वेळी म्हणायची, "छान वाजलं." तिला काडीचंही ऐकू आलेलं नसायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकीच्या जगानं नाही ऐकलं तरी चालेल, पण हिनं एकदा ऐकावं, एवढाच माझा हट्ट होता. त्यासाठी अँप्लिफायर हवा होता.

तो मिळाला दुष्काळामुळं. त्या साली लग्नं घरातल्या घरात उरकत होती, म्हणून नांदेडच्या एका बँडवाल्यानं सामान विकायला काढलं होतं. "घेऊन जावा सायेब," तो म्हणाला, "यंदा वराती मुक्यानंच निघून राहिल्यात. ह्याला घरात ठिवून म्या काय करू?" लाकडी खोकं, वर काळं रेक्झिन, पुढं कापडी जाळी. त्यानं ते स्वतः एसटीच्या टपावर चढवलं, दोरी आवळली आणि गाडी हलली तरी टपाकडं बघत उभा राहिला. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आनंद त्याहून जास्त झाला होता, आणि लातूर येईपर्यंत माझं सगळं चित्त टपावरच होतं.

रविवारी मागची फळी काढली. आत काय नव्हतं! झुरळांची अंडी, गावोगावच्या वरातींची धूळ आणि मूठभर अक्षता. किती लग्नांच्या, कुणास ठाऊक. त्या रंगीत तांदळांचं किड्यांनी पीठ केलं होतं आणि सोंडे स्पीकरच्या कागदी पडद्यावरून निवांत फिरत होते. "अय्यो," बायको म्हणाली, "हे तर कणगीतलं धान्य निघालं की."

मी रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली, अक्षता वेचून काढल्या. रेक्झिन ओल्या फडक्यानं पुसायचीही सोय नव्हती. टँकरचं पाणी स्वयंपाकालाच पुरत नव्हतं. मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर व्हायची, तिथं शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. आवाज निघाला, पण फाटका, पत्रा वाजवल्यासारखा. सोंडेही कुठून कुठून निघतच होते. उरलेलं उद्या बघू म्हणून फळी उघडीच ठेवली आणि सोमवारी ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येतो तर खोकं गच्चीवर उन्हात. कोपऱ्याकोपऱ्यात कडुलिंबाचा पाला खोचलेला आणि स्पीकरचा कागद तेलानं पिवळाधमक. आमच्याकडं तूर साठवायची असली की तिला ऊन दाखवतात आणि एरंडेल चोळतात. मग कीड लागत नाही. डाळवाल्याच्या लेकीनं तेच केलं होतं, तेही अगदी मन लावून. माझं टाळकंच सरकलं.

"अगं, ही काय तूर हाय का?"

"किडे तर तेच हायेत न्हाई का?" ती शांतपणे म्हणाली. "आता वर्सभर लागायचे न्हाईत, बघा तुमी."

सगळं मुसळ केरात गेलं, असं पुटपुटत मी खोकं खाली आणलं, वायर खुपसली आणि रागारागानं तार छेडली. पत्र्याचा आवाज गेला होता. तेल प्यालेल्या कागदातून सूर जड, गोल निघाला आणि वर ठेवलेला पितळी तांब्या थरथरला. तिनं गडबडीनं तांब्या उचलला. मी मात्र पुन्हा पुन्हा तीच तार छेडत बसलो.

गणपतीत कॉलनीच्या मांडवात कार्यक्रम झाला. घरी परतताना मी नेहमीसारखा वाट बघत होतो. ती म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात तुमी चुकलात."

खरंच चुकलो होतो! आयुष्यात इतकी गोड दाद मला कुणी दिली नाही. मी रस्त्यातच हसत सुटलो आणि ती "लोक बघून राहिलेत की" म्हणत भराभर पुढं चालू लागली.

पुढं रेक्झिन दोनदा बदललं, पण स्पीकरचा तो तेलकट कागद नाही. "नवा टाकतो, आवाज मोकळा होईल," असं दुरुस्तीवाला दर वेळी म्हणतो. मी नको म्हणतो.

आता वयामुळं तिला ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं, पण त्यात गिटार म्हणजे नुसता कलकलाट, असं तिचं म्हणणं. म्हणून मी वाजवायला बसलो की ती मशीन काढून ठेवते, खोक्याशेजारी खुर्ची ओढते आणि जाळीवर तळहात टेकून डोळे मिटते. तो जड आवाज तिच्या हातात उतरतो.

परवा गणपतीतलं तेच गाणं वाजवलं. बोटं थकलीत, दुसऱ्या कडव्यात घसरली. मला वाटलं, आता चूक कोण धरणार आहे? तिनं डोळे न उघडताच बोटानं खोक्यावर टकटक केलं.

"आजून तिथंच चुकता," ती म्हणाली.

मला रडूच कोसळलं. ते तिला दिसलं नाही. हात जाळीवरच ठेवून ती पुढच्या कडव्याची वाट बघत होती.