आईचं मेंदीचं गाणं

माझ्या भावजयीचा मी हेवा करते. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू? तिचा गळा गोड आहे म्हणून नव्हे. माझ्या आईची गाणी त्या गळ्यात आहेत म्हणून.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी सोलापूरचे झालो. आमच्याकडे लग्नात मेंदीला बायका मराठीतच गाणी म्हणतात, आणि आई होती तोवर सुरुवात तिचीच. लग्नाआधी मी जवळच्या होटगी गावी शाळेत शिकवायला जायची. भावजय घरी असायची, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांची लेक. संध्याकाळी नारळ खवता खवता आईनं तिला सगळी गाणी दिली. मला म्हणायची, "तुझा आवाज बसका, तू टाळ्या धर." पोटची मी, आणि वारसा सुनेला!

आई गेली. यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मेंदीचं गाणं आता हीच धरणार, आणि सगळ्या म्हणणार, "अगदी सासूसारखं!" ते मला माझ्या घरच्या कार्यात ऐकायचं नव्हतं. इस्राएलला गेलेल्या मामेबहिणीकडून मी फोनवर गाणीच मागवली. येमेनी यहुदी बायकांची डब्यावर ठेका धरलेली, कोचीनवाल्यांची मल्याळम, युरोपातल्यांची फिडलवरची, म्हणजे व्हायोलिनवरची, नाचाची. जुळे सोलापूर भागातल्या हॉलात मोठा स्पीकर लावला. वर "आता काळ बदललाय" असं सगळ्यांना ऐकवलं.

फिडल सुरू झाल्यावर पोरी हात धरून गोल नाचल्या, शेजारणींनी त्यातच फुगडी घातली. मल्याळम गाण्याला मात्र सगळ्या नुसत्या माना डोलवत बसल्या. भावजय कोपऱ्यात मेंदी कालवत होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तेवढ्यात लेकीनंच स्पीकर बंद केला.

"मामी, आजीचं म्हण की."

भावजय माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "म्हण. मला काय विचारतेस?"

तिनं गाणं धरलं. तोच संथ ठेका, ओळीच्या शेवटी तेच लांबवणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरं कडवं संपलं आणि त्याच चालीत ती म्हणाली, "आधण ठेव गं चहाचं, पोर माझी येईल आता." साऱ्या बायकांनी टाळ्यांवर ते झेललं, "पोर माझी येईल आता!"

माझी मावशी टाळ्या थांबवून म्हणाली, "मेंदीच्या गाण्यात चहा कुठनं आला गं?"

"असंच हाय की, मावशी," भावजय म्हणाली. "दुसरं कडवं झालं की आई रोज हेच म्हणायच्या."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. होटगीहून परतायची माझी तीच वेळ. शिकवता शिकवता, चाल न सोडता आई सुनेला चहा ठेवायला सांगायची. आणि या बयेनं चहाही ठेवला, ओळही पाठ केली. गाण्यातली पोर मी होते.

मग तर मला तिचा जास्तच हेवा वाटला. आईच्या तोंडून हे तिनं रोज ऐकलं, मी एकदाही नाही.

ती पुढचं कडवं धरणार, तोच मी म्हटलं, "मागचं परत म्हण."

"चुकलं का, वन्सं?"

"तेवढीच ओळ म्हण."