धुतलेल्या पायांना माती

"हिला पाय धुवायला कोणी सांगितलं?" पास्टर ओरडले.

कोणी नाही. आईने आपणहूनच धुतले होते. पनवेलला दुकानांच्या वरच्या मजल्यावर चर्चचा हॉल आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी पास्टर गरिबांचे पाय धुतात. यंदा आमच्या कातकरीवाडीची पाळी. आई वीटभट्टीवरून थेट आलेली. मळक्या पायांनी दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, ही तिची रीत. म्हणून जिन्याखालच्या नळावर तिने टाचा घासघासून पाय धुतले. एवढाच तिचा गुन्हा.

"आता व्हिडिओत काय दिसणार?"

पास्टरांनी दारातल्या कुंडीतली ओली माती मूठभर उचलली आणि आईच्या पायांना फासली. टाचेच्या भेगांत अंगठ्याने दाबून भरली. टाचेवर भट्टीत भाजल्याचा फोड होता, तो फुटला.

"दुकतंय, पास्टरजी."

"सहन कर. प्रभूने किती सहन केलं!"

मी ओढणीने माती पुसायला वाकले. त्यांनी माझा हात झटकला.

स्टेजवर खुर्ची, खुर्चीपुढे स्टीलची परात. कॅमेरा सुरू झाला तसे पास्टर गुडघ्यांवर आले. कॉलरला माईक, डोळे मिटलेले.

"भावांनो, बहिणींनो, मी कोणी मोठा नाही. धूळ आहे मी, धूळ! पण अख्ख्या पनवेलमध्ये यांच्या पायांना हात लावणारा दुसरा कोण आहे, सांगा! या लोकांना आंघोळ माहीत नव्हती. मी शिकवली."

टाळ्या. हालेलुया. आई मान खाली घालून बसलेली, परातीतलं पाणी लालसर झालेलं. वाडीतल्या एका लुळ्या म्हातारीचं हगणं-मुतणं माझी आई रोज काढते. नात्याची ना गोत्याची. एकदाही कुणाला सांगायला गेली नाही. तिला हा आंघोळ शिकवणार! माझं डोकं फिरलं.

मी स्टेजवर चढले. "आईने पाय धुतले होते. ही माती यांनी फासली."

पास्टरांनी एका हाताने माईक दाबला, दुसऱ्याने माझ्या थोबाडीत मारली. त्यांच्या मेव्हण्याने माझी वेणी मुठीत धरली, फरफटत नेऊन स्टेजच्या पायऱ्यांवर आपटलं. पुढचा दात पडला. कीबोर्डवाल्याने मोठ्या आवाजात स्तुतीचं गाणं सुरू केलं. सगळा हॉल गायला लागला. माझ्या तोंडातून रक्त येतंय आणि हे लोक डोळे मिटून गातायत. एकही माणूस उठला नाही.

मी मेव्हण्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याने वेणी सोडली. मी वर धावले, परात उचलली आणि पास्टरच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. त्याचं रक्त बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी चर्चमधले एक वडीलधारे वाडीवर आले. "ख्रिस्ती माणसाने नम्र असावं, पोरी. माफी माग. पोलिसात गेलीस तर चर्चची बदनामी होईल."

मी बोलायच्या आत आईच उठली. पायाला फडकं बांधलेलं. "नम्र म्हंजे काय ओ? आमी वाकायचं न् त्यानी व्हिडिओ काडायचा? माजी पोर माफी मागनार नाय."

त्याच दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. मी तक्रार लिहून दिली. आईने अंगठा उठवला.

आता रोज कोणीतरी येतं. मिटवून टाक म्हणतं. येशूचं नाव घेतं. येशू माझाही आहे, त्याची प्रार्थना मी अजून करते. पण गुडघे टेकून नाही, उभ्याने. तक्रार मागे घेणार नाही. कोर्टात बोलेन, जे झालं ते सगळं बोलेन. आणि स्वतःच्या मोठेपणासाठी पुन्हा कुणी माझ्या आईच्या अंगाला हात लावला, तर तो हात मी मोडीन.