बाबांच्या हातचे चिलगोजे

लाखांदूरच्या स्टँडवर एसटी सुटायला लागली, तेव्हा बाबांनी खिडकीतून तांदळाची पिशवी आत लोटली. "तिकडं भात भेटते का नाही, कोणाले मालूम," एवढंच म्हणाले. माय रडत होती. मी हिमाचलातल्या किन्नौरला, डोंगरातल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून निघाले होते.

गावातल्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता, तिकडं खातेस काय? राजमा, सफरचंदं, आणि हिवाळ्यात मूठभर चिलगोजे. देवदारासारख्या उंच झाडाच्या शंकूतून निघणारं हे बी लांबट, तपकिरी, एका टोकाला निमुळतं असतं. टरफल दातानं सहज फुटतं. आत हस्तिदंती रंगाचा मऊ गर. लोण्यासारखा, थोडा राळेच्या वासाचा. तेल पुष्कळ, प्रथिनं चांगली, जस्त आणि मॅग्नेशियमही. पण सोलून ठेवला की लवकर खवट होतो, आणि जड असतो म्हणून मूठभरच खायचा, हे मी पेशंटनाही सांगते.

मागच्या वर्षी धान निसवल्यावर शेत भावाच्या हवाली करून बाबा एकटेच इथं आले. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "लाखांदूरच्या दवाखान्यात जागा आहे. मी बोलून आलो. चाल आता."

मला इथं तीन वर्षं झाली होती. बर्फात मी बाळंतपणं केली होती. पण बाबांना नाही म्हणायची हिंमत होईना. "दोन दिवस राहा, मग बोलू," मी म्हणाले आणि ड्यूटीवर गेले.

मी परत आले तर बाबा अंगणात! घरमालकीण अम्मांनी उन्हात उघडलेल्या शंकूंचा ढीग घातला होता, आणि बाबा काठीनं ते झोडपत होते. अम्मांना मराठी येत नाही, बाबांची हिंदी अर्धी झाडीबोली. तरी दोघांचं जोरात चाललं होतं.

"ऐसा नहीं, भाई साहब, धीरे! दाना टूट जाएगा!"

"मले नोका शिकवू, बाई. जिंदगीभर धान चुरलं मी!" बाबांनी सूप मागितलं आणि वाऱ्याकडे पाठ करून असं पाखडलं की अम्मा बघतच राहिल्या. बाबांचे हात राळेनं काळे झाले होते. त्यांनी एक बी फोडून खाल्लं. "ह्याले तेल लय आहे. धानावानीच दिसते, पण धान नोहे."

दोन दिवसांचे आठ झाले. रोज सकाळी बाबा अम्मांच्या अंगणात. रस्त्यातले लोक मला 'सिस्टर' म्हणून थांबवायचे, मूल दाखवायचे, आणि बाबा बाजूला उभे राहून सगळं बघायचे. जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीच काढला.

"बाबा, मले नाही यायचं."

"मी समजलो," ते म्हणाले. "तुह्याविना ह्या लोकायचं कसं होईन?" मग म्हणाले, "आमचंही होते म्हणा कसंतरी."

निघायच्या दिवशी अम्मांनी पाहुण्याला घालतात तशी चिलगोज्यांची माळ बाबांच्या गळ्यात घातली. बाबा लाजले, पण काढली नाही.

मला वाटायचं, घर म्हणजे जिथून निघालो ते. त्या सकाळी बस यायला उशीर होता. बाबांनी मायला फोन लावला, तिनं विचारलं असावं, कुठं आहात? बाबा सहज बोलून गेले, "आता कुठं असीन? पोरीच्या घरी आहो."