जे आणि ओ चालत नाहीत

जंतू वाढवायची पेट्री डिश उघडी राहिली की तिच्यात नको नको ते उगवतं. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात, बायोटेक विभागात, किस्से तसेच उगवतात. त्यातल्या निम्म्यांनी माझं डोकं फिरतं!

*

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट पेप्टाइडवर. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. वीस आम्लं, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. उरलेली सहा अक्षरं बाद. माळेतली अक्षरं वाचून ती जंतू मारेल का, हे कॉम्प्युटरनं ओळखायचं.

बेंबळीच्या मामांना हे सगळं घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. मामा म्हणाले, "ते समदं खरं गं, पण सोयाबीनवरच्या अळीला कुठलं फवारू?"

पेस्टिसाइड ऐकलं होतं त्यांनी!

*

आमचे गाइड जोगदंड सर. माझ्या मॉडेलची, म्हणजे त्या ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची, अचूकता बरी आली, तर म्हणे, "शंभर टक्के पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडते तर शंभर! मी दचकलेच. परीक्षेसाठी बाजूला ठेवलेला डेटा सरांनी शिकवणीच्या डेटात ढकललेला.

"सर, हा तर पेपर फुटलाय!"

"निकाल शंभर टक्के लागल्यावर कुणी रडतं का?"

मी रडले. आणि सगळं पुन्हा केलं.

*

विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या प्रोजेक्टचं पोस्टर छापून आलं. वर ठळक सरांचं नाव. माझं कुठंच नाही! सरांना जाऊन विचारलं.

"अगं अस्मिता, उद्या लग्न झालं की आडनाव बदलणार. कशाला छापायचं?"

तोंडातून फक्त "बरं सर" निघालं. खरं उत्तर घरी जाताना येडशीपर्यंत एसटीच्या खिडकीला देत गेले!

*

प्रदर्शनात परीक्षक बाई म्हणाल्या, "मॉडेल चालवून दाखवा."

सर पुढं सरसावले. "माझंच आडनाव टाकतो!" आणि इंग्रजीत 'जोगदंड' टाइप केलं.

स्क्रीन लाल. मीच लिहिलेली सूचना आली: "जे, ओ ही अमिनो आम्लं नाहीत."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे बनवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"म्या!" घाबरले की गावचंच तोंडात येतं.

"नाव?"

"अस्मिता."

बाईंनी स्वतः टाइप केलं. ए, एस, एम, आय, टी, ए. एकही अक्षर अडलं नाही. हिरवी पट्टी आली: "ही माळ जंतू मारेल."

बाईंनी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. मग सरांपुढं हात केला.

"सर, जरा पेन द्या."